फेऱ्यांच्या मधला दगड

मी एक दगड बोलतोय. कपाळावर शेंदराचा डाग दिसतोय म्हणून लगेच हात जोडू नका. मी देव नाही. काही दिवस होतो, पण ती नोकरी मला मानवली नाही. मी जात्याचा खालचा दगड. माझ्या मधोमध एक भोक आहे, त्यात कधीकाळी लाकडी खीळ ठोकलेली होती. खीळ गेली, भोक राहिलं, आणि त्या भोकाच्या काठाला शेंदूर असा बसलाय की काथ्यानं घासूनही निघत नाही.

माझा जन्म करमाळ्याकडच्या एका खाणीतला. रेवणप्पा नावाच्या पाथरवटानं एकाच शिळेतून आम्हा दोघा भावांना काढलं. कोण वर राहणार आणि कोण खाली, हे ठरवताना त्यानं आमचं मत घेतलं नाही. वरच्याला त्यानं धान्य टाकायला तोंड दिलं, धरायला खुंटा दिला. मला फक्त बूड दिलं आणि म्हणाला, "तू गप पडून राहा बाबा, तेवढंच तुझं काम."

कमलाभवानीच्या जत्रेत बजाबाईनं आम्हाला घेतलं. ती माळशिरसकडची. पहाटे उठून ती ज्वारी दळायची, वरचा भाऊ गरगर फिरायचा आणि मी खाली पडून असायचो. दळण झालं की पिठाचं कौतुक व्हायचं, बजाबाईच्या गळ्याचं व्हायचं, वरच्याच्या वजनाचंही व्हायचं. खालचा दगड हलला नाही म्हणून मला कधी कुणी शाबासकी दिली नाही. हललो असतो तर मात्र शिव्या खाल्ल्या असत्या.

माझ्या मनात तेव्हापासून एक कुतूहल होतं. फिरणाऱ्याला नेमकं काय वाटत असेल? एकदा मी वरच्याला विचारलंही. तो म्हणाला, "चक्कर येते." त्याच्याकडून यापेक्षा जास्त कधी कळलं नाही.

पुढं गावात पिठाची गिरणी आली आणि आम्ही कोपऱ्यात गेलो. बाहत्तरच्या दुष्काळात बजाबाईचा मुलगा कुंडलिक कापडगिरणीत काम शोधायला सोलापूरला निघाला. म्हातारी म्हणाली, जातं घेतल्याशिवाय मी येत नाही. म्हणून आम्हीही मालट्रकात बसून भवानी पेठेत आलो. उतरवताना वरचा भाऊ हातातून निसटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा पाण्याच्या पिंपाखाली गेला, दुसरा मोरीच्या तोंडाशी. मी भिंतीला टेकून राहिलो. म्हातारी वर्षभरात गेली. वर फिरणारा कुणी नसला की खालच्या दगडाला काय अर्थ, असं मला त्या दिवसांत फार वाटायचं.

तिथंच मला केराबाईनं पाहिलं. त्याच बोळाच्या टोकाला ख्रिस्ती मंडळीचं लहानसं मंदिर होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं अंगण, अंगणाला छातीएवढी भिंत. केराबाई ते झाडायची, बाक पुसायची, रविवारी घंटा वाजवायची. पिण्याच्या पाण्याची घागर कलंडू नये म्हणून तिला काहीतरी बूड हवं होतं. ती कुंडलिकला म्हणाली, "तुला नको आसंल तर ह्यो दगड मला दे की." कुंडलिकनं मला गडगडवत नेलं आणि अंगणाच्या मधोमध टाकलं. माझ्या भोकावर घागर नीट बसली. चला, काही नाही तर पाणी तरी, असं मी स्वतःला समजावलं.

केराबाईच्या नवऱ्याचं नाव हिंदुराव. नाव हिंदुराव आणि माणूस पक्का ख्रिस्ती, याची पेठेत गंमत चालायची. वडिलांनी धर्म बदलला, पोरांची नावं तशीच ठेवली. हिंदुराव प्रार्थनेला उभा राहिला की सरकारपासून शेळ्यामेंढ्यांपर्यंत सगळ्यांसाठी देवाकडे मागायचा. त्याची प्रार्थना सुरू झाली की घरी चुलीवरची भाजी करपते, असं बायका म्हणायच्या. केराबाई शेजारी डोळे मिटून उभी असायची आणि शेवटी फक्त "आमेन" म्हणायची. दोघांच्या वाटचं तोच बोलायचा.

मग तो कावीळ होऊन गेला. त्यानंतर बुधवारच्या प्रार्थनासभेत आळीपाळीनं प्रार्थना करायची वेळ आली की केराबाईची पाळी यायची. ती उभी राहायची. "हे आकाशातल्या बापा" एवढं म्हणायची आणि पुढं तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. सगळे डोळे मिटून वाट बघायचे. कुणीतरी खोकायचं. मग बाकावरची शेजारीण तिचा पदर ओढून तिला खाली बसवायची. बाहेर घागरीजवळ येऊन ती दोन तांबे पाणी प्यायची, आणि निम्मं पाणी माझ्यावर सांडायचं.

अशात दाक्षायणीताई आल्या. पुण्यापलीकडच्या कुठल्याशा ख्रिस्ती आश्रमातल्या त्या संन्यासिनी. भगवं लुगडं, अनवाणी पाय, गळ्यात लाकडी क्रूस. मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायच्या. मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी त्यांना तीन दिवसांच्या शिबिरासाठी बोलावलं होतं. पंचांचे प्रमुख कल्लप्पा मास्तर यांना ते भगवं लुगडं पहिल्याच दिवशी खुपलं, पण पाहुणी म्हणून ते काही बोलले नाहीत.

ताई शिकवायच्या ते अगदी साधं होतं. डोळे मिटून बसा. काही मागू नका. श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढ्याकडे लक्ष ठेवा. मन पळालं तर एखाद्या लहानशा शब्दानं त्याला परत बोलवा, रागावू नका. पहिल्याच बैठकीत निम्मी मंडळी घोरायला लागली. उरलेली एका डोळ्यानं ताईंकडे बघत होती, या आता काय करतात म्हणून.

केराबाईनं मात्र घागरीशी येऊन त्यांना गाठलं. "ताई, पर मागायचं काय? मला बोलाय येत न्हाई."

"मागायचं काही नाही. बोलायचंही नाही. सुम्ने असायचं." कानडीत सुम्ने म्हणजे गप्प, उगीच, काही न करता. सोलापुरात हा शब्द सगळ्यांना कळतो. "तो बघतोय, आपण असायचं. एवढंच."

"बसलं की मला त्येंचीच आठवण येती. रडाय येतं."

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं, घागर उचलून ओसरीवर ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मग बसू नका, चाला. हळू. घाई नाही, कुठं पोचायचं नाही. या दगडाभोवती फिरा, म्हणजे कुठं वळायचं याचाही विचार नको." दुसऱ्या दिवशी त्या गाडीनं निघून गेल्या. घागर ओसरीवरच राहिली आणि मी उघडा पडलो.

त्यानंतर रोज उजाडताना केराबाई यायची. चपला पायरीशी काढायची, पदर खांद्यावरून घ्यायची आणि माझ्याभोवती चालायला लागायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईचं काहीतरी हरवलंय. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाय मुरगळला असेल, म्हणून इतकी हळू चालते. टाच टेकायची, मग चवडा, मग क्षणभर थांबायची. कोंबडी तिच्यापेक्षा लवकर अंगण पार करायची.

चार दिवसांनी माझी खात्री झाली की ती माझीच पूजा करतेय. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं बुडाशी काढलेल्या दगडाला कुणी मध्ये ठेवून फिरतंय म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. मी जरा ऐटीत बसलो. दगडाची ऐट कुणाला दिसत नाही, एवढंच.

पण कान देऊन ऐकलं तेव्हा ती ऐट उतरली. श्वास आत घेताना ती मनाशीच पुटपुटायची, "बापा." सोडताना म्हणायची, "मी हितं हाय." बस. त्यात मी कुठंच नव्हतो. तिची नजर माझ्यावरून जायची, भिंतीवरून जावी तशी. कधी ती चालताना रडायची आणि चालत राहायची. कधी मध्येच थांबायची आणि नुसती उभी असायची, खांद्यावर काठी टाकून मेंढपाळ रानात उभा असतो तशी. मला तिचं कोडं सुटत नव्हतं. ही चालते तेव्हा स्थिर वाटते आणि उभी राहते तेव्हाही स्थिरच वाटते, मग चालते कशाला? पण तिची पावलं जमिनीतून माझ्या बुडाला लागायची आणि फार दिवसांनी मला वाटायचं, माझ्यावर पुन्हा कुणीतरी फिरतंय.

हळूहळू तिचं रडणं कमी झालं. बाक पुसताना ती गुणगुणायला लागली. बुधवारी मात्र अजून तिला शब्द सापडत नव्हते.

आता भिंतीपलीकडची गोष्ट. तिथं सोनाबाई राहायची. ती भाजी विकायची, आणि पहाटे बाजाराला निघताना तिला भिंतीवरून सगळं दिसायचं. अनवाणी बाई, उजाडताना, तोंडातून शब्द नाही, मधे काळा दगड आणि त्याभोवती फेऱ्या. आपल्याकडे याचा अर्थ लहान पोरगंसुद्धा सांगेल. केराबाईनं नवस बोललाय आणि मौन धरून प्रदक्षिणा घालतेय. शिवाय ख्रिस्ती बाई आपला धर्म बाजूला ठेवून ज्याला फेऱ्या घालते तो देव किती जागृत असेल, असंही सोनाबाईनं मनाशी धरलं.

त्याच आठवड्यात तिची शेळी हरवली. सगळी पेठ पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशी उभं राहून तिनं मला हात जोडले. मी काय करणार, दगडच तो. पण संध्याकाळी शेळी आपली आपण घरी आली, तोंडात कुणाच्या तरी अंगणातला झेंडू घेऊन. मला देव व्हायला एक शेळी पुरली.

सकाळी केराबाई आली तेव्हा मी शेंदरानं माखलेला होतो. भोकात तेल, अंगावर फुलं, पुढं फोडलेला नारळ. केराबाई डोक्याला हात लावून खालीच बसली. मग बादली आणून मला घासायला लागली. सोनाबाई भिंतीवरून बघत होती. तिचा चेहरा उतरला.

"काय करतीस ग? देवाला आसं घासत्यात व्हय?"

"सोने, ह्यो देव न्हाई. जात्याचा दगड हाय. तुझ्या सासूच्या घरात आसंल आसाच."

"मग तू रोज फेऱ्या कशापाई घालतीस?"

केराबाईचा काथ्या माझ्यावर एकाच जागी फिरत राहिला. "मी... गप राहाय फिरतीया," ती शेवटी म्हणाली. सोनाबाईला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळलं नव्हतं.

केराबाईनं धुतलं तरी बोलवा झालीच होती. बोळातल्या विणकरांच्या बायका येऊन भिंतीवरून फुलं टाकून गेल्या. रविवारी मंडळी जमली तेव्हा अंगणात झेंडू आणि कुंकू होतं. कल्लप्पा मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. मास्तर रागावले की ओरडायचे नाहीत, हळू बोलायचे.

"माझ्या वडिलांनी देव टाकले तेव्हा गावानं आमची विहीर बंद केली," ते म्हणाले. "माझ्या आईनं मैलभरावरून पाणी आणलं. आणि आज आमच्याच मंदिरासमोर शेंदूर?" त्यांचं खोटं नव्हतं. ज्यानं एवढं सोसलंय, त्याला एक फूलही मोठं दिसतं.

पंच बसले आणि ठरलं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर मोडून खायचा विधी. त्याआधी केराबाईनं सगळ्यांसमोर उभं राहून, मोठ्यानं, स्पष्ट शब्दांत प्रार्थना करावी की मी दगडाची पूजा करत नाही आणि हे फिरणं सोडलं. तसं केलं नाही तर तिला प्रभूच्या मेजावर बसता येणार नाही. आणि दगड वडाराकडून फोडून घ्यावा. पाळकसाहेब काही बोलू पाहत होते, पण ते वयानं लहान होते आणि मास्तरांनीच त्यांना शाळेत शिकवलं होतं.

फोडून घ्यावा म्हणजे मला. पण त्या आठवड्यात मला माझ्यापेक्षा केराबाईची जास्त काळजी वाटली. हिंदुरावबरोबर तिनं वर्षानुवर्षं त्या मेजावर भाकर मोडली होती. आता तेवढंच एक ताट उरलं होतं, जिथं ती अजून त्याच्या शेजारी बसायची. आणि ते ताट मिळवायला तिला तीच गोष्ट करायची होती जी तिला येत नव्हती. तिनं फेऱ्या थांबवल्या. रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून ती मोठ्यानं म्हणायची, "हे आकाशातल्या बापा," आणि अडायची. पुन्हा म्हणायची, पुन्हा अडायची. शनिवारी ती दमून माझ्यावरच बसली. वरचा भाऊ गेल्यापासून माझ्या अंगावर म्हणावं असं वजन पहिल्यांदाच आलं. मी जितका गप्प राहू शकत होतो तितका राहिलो. दगडाला दुसरं काय येतं?

रविवार आला. उपासना झाली आणि सगळे अंगणात जमले. वडार घण घेऊन भिंतीशी उभा होता. सोनाबाई पलीकडून ओरडली, "शेंदूर म्या लावलाय. चूक माजी हाय, तिची न्हाई." मास्तर म्हणाले, "बाई, तुमचा राग नाही. हिनं फिरायला नको होतं."

केराबाई माझ्याजवळ उभी राहिली. "हे आकाशातल्या बापा," ती म्हणाली. पुढं काही नाही. कुणीतरी खोकलं. बाकावरच्या शेजारणीनं तिच्या पदराला हात घातला, तेव्हा केराबाईनं तो हळूच सोडवून घेतला.

"मास्तर, मला बोलाय येत न्हाई," ती म्हणाली. "मी काय करती ते करून दावते. मग तुमी म्हणाल तसं."

तिनं चपला काढल्या आणि चालायला लागली. मास्तर तिच्या मागोमाग निघाले, ही तोंडातल्या तोंडात काय म्हणते ते पकडायला. त्यांच्या नव्या चपला कर्रकर्र वाजत होत्या, त्यात ऐकू काय येणार? त्यांनी त्या काढल्या. मग त्यांचं पाऊल मोठं पडायचं आणि ते तिच्यावर आदळायचे. त्यांना हळू व्हावं लागलं. टाच, चवडा, थांबणं. कान पुढं करून, मान वाकडी करून मास्तर चालत होते आणि मंडळीतल्या पोरींना हसू आवरत नव्हतं.

मग हसू आपोआप थांबलं. खोकला थांबला. वडारानं घण खाली ठेवला, कारण तो हातात धरून उभं राहणं त्यालाही बरं वाटेना. मास्तरांची मान सरळ झाली होती. ते ऐकायचं विसरले होते, पण चालत होते. जमिनीतून दोघांची पावलं मला लागत होती, एक हलकं, एक जड, आणि हळूहळू ती एकाच ठेक्यात पडायला लागली.

किती वेळ गेला ते दगडाला विचारू नका. मास्तर थांबले आणि पायरीवर बसले.

"काय म्हणत्यात बाई?" कुणीतरी विचारलं.

"बापा म्हणते. बाकी काही नाही." मास्तरांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "माझे वडील शेळ्यांमागं असेच चालायचे. सभेत त्यांना एक वाक्य धड बोलता यायचं नाही. मी शाळा शिकलो तेव्हा त्यांना म्हणायचो, दादा, प्रार्थना करत जा. ते म्हणायचे, झाली की." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मला वाटायचं, टाळतायत."

मग ते उठले आणि पुन्हा पंचांचे प्रमुख झाले. "हिचं फिरणं राहू द्या. ही आज मेजावर बसेल. पण दगड इथं नको. लोकांना चकवा नको."

वडार पुढं आला तेव्हा सोनाबाई भिंतीवरून म्हणाली, "फोडू नगा. मला द्या."

"सोने, देव न्हाई त्यो," केराबाई म्हणाली.

"कळलं की. मला बसाय हुईल. रोज भाजीचं वझं डोक्यावर घ्यायच्या आधी."

असा मी भिंतीपलीकडे आलो. त्या दिवशी केराबाईनं भाकर मोडली की नाही हे मला दिसलं नाही, पण मंडळी पांगल्यावर ती रिकामी घागर विसळताना गुणगुणत होती, ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी श्वास रोखून होतो. दगडाला श्वास नसतो, पण समजून घ्या. मी मध्ये नाही, आता ही कशाभोवती फिरणार? पायरीशी चपला काढल्याचा आवाज आला. मग पावलं. तीच चाल, तेवढाच फेरा, मधल्या मोकळ्या जागेभोवती. तिला माझी गरज नव्हती. कधीच नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट फार हलकं वाटलं. भाऊ गेल्यापासूनचं एक ओझं उतरलं. कुणी वर फिरलं तरच खालच्याला अर्थ, असं काही नसतं म्हणजे.

आता मी सोनाबाईच्या दारात, भिंतीला लागून आहे. ती टोपली भरून झाली की माझ्यावर बसते. आधी वेणी घालायची, शेळीला शिव्या द्यायची. अलीकडे काहीच करत नाही. परवा केराबाईनं फेऱ्या संपवून भिंतीवरून डोकावून विचारलं, "सोने, काय करतीस?"

"काय न्हाई. सुम्ने."

केराबाई हसली. "व्हय. त्येच की," ती म्हणाली आणि झाडू घ्यायला गेली.

भवानी पेठेतून जाताना एका दारात शेंदराचा डाग असलेला काळा दगड दिसला तर तो मी. मला नमस्कार करू नका, नारळ तर मुळीच आणू नका. दमला असाल तर टेका. मात्र बसलात की थोडा वेळ गप्प बसा. मी खाली आहेच, तुमचं वजन मला जड नाही.